कावळ्याला दिलेला शब्द

घरबसल्या करता येण्यासारखी कामं किती आणि कोणती, या विषयावर चेन्नईच्या मैलापुरात माझ्याइतका अभ्यास दुसऱ्या कोणाचा नसावा. अळंबीला किती अंधार लागतो, साडीला फॉल लावताना पहिला टाका कुठे घालायचा, अमेरिकेतले डॉक्टर तोंडात घास असताना कसे बोलतात, हे सगळं मी सांगू शकते. यातलं एकही काम मला जमलं नाही, पण म्हणून अभ्यास कमी होता असं कोणी म्हणू नये.

हे सगळं एका कावळ्यामुळे झालं.

आईच्या दहाव्याला आम्ही विधींसाठी बांधलेल्या एका हॉलमध्ये होतो. मागच्या कठड्यावर पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. कावळे नव्हते असं नाही. नारळावर ओळीनं बसून ते आमच्याकडे बघत होते. पण चेन्नईचा कावळा हा उपाशी प्राणी नाही. आपल्याकडे त्याला पितृपक्षात आणि दहाव्याला तेवढं बोलावणं असतं; इथे घरोघरी, रोज दुपारी, आधी त्याला भात घालून मग माणसं जेवतात. अशा खात्यापित्या कावळ्याला आमच्या पिंडाचं काय अप्रूप असणार. ऊन चढत चाललं होतं. गुरुजींना पुढचं काम होतं.

"तिचं काहीतरी राहिलं असेल," गुरुजी म्हणाले. "ज्यानं त्यानं मनातल्या मनात शब्द द्या."

आम्ही घरचे तिघं होतो: बाबा, पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ मकरंद, आणि मी. शिवाय आमच्या घरमालकीण अन्नपूर्णाबाई. सगळ्यांनी हात जोडले. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. कावळ्याच्या सवयींवरसुद्धा मी एक जाडजूड पुस्तक वाचलेलं आहे. तरी मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आई, बाबांना एकटं टाकून मी ऑफिसला जाणार नाही, घरीच काहीतरी काम बघेन. डोळे उघडते तो कावळा पिंडावर.

शब्द माणसाला दिला असता तर नंतर गाठून समजूत घालता आली असती. कावळ्याकडे मुदतवाढ मागायला कुठे जायचं? आणि ही गोष्ट कोणाला सांगायची तर घरातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून लाज वाटत होती. म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही.

मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअलं लिहिते. ती कोणी वाचत नाही, पण नसली तर सगळे विचारतात. माझा मॅनेजर सिद्धार्थ माझ्यापेक्षा वयानं लहान आहे आणि त्यामुळे माझ्याशी फार जपून बोलतो.

"ऊर्मी, घरून करा म्हणालो असतो," तो फोनवर म्हणाला. "पण कॉम्प्युटर गेटबाहेर जात नाही. पॉलिसी आहे. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. नाहीतर मला जागा भरावी लागेल."

मध्ये एकदा, शब्द बाजूला ठेवून, मी जाऊन पाहिलंही. सकाळी कुकर लावला, भाजी झाकून ठेवली, बाबांना तीनदा सांगितलं. संध्याकाळी परत आले तर बाबा सकाळच्याच खुर्चीत, फोनच्या टेबलाशेजारी बसलेले.

"जेवलात?"

"हो."

मी स्वयंपाकघरात गेले. कुकरचं झाकण सकाळी मी लावलं तसंच होतं. आत भात होता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पातेल्यात दुधाचा कोळसा झालेला होता, घरभर धूर होता, आणि बाबा धुरात बसून म्हणाले, "कसलासा वास येतोय मघापासून." त्यानंतर मी जायचं नाव काढलं नाही.

आता घरबसल्या काम शोधायचं हे ठरलं, आणि मैलापुरात एखादी गोष्ट ठरली की ती समोरच्या घरातल्या रामस्वामींना कळते. हे एका विमा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. वर्तमानपत्रांतली कात्रणं कापून ती कोणाच्या उपयोगी पडतील याचा विचार करणं हा त्यांचा सध्याचा व्यवसाय. ते अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी बोलतात. इथे मराठीत देते आहे. त्यात त्यांचा आवाज उतरत नाही. तो मोठा आहे.

"अळंबी," ते म्हणाले. "पलंगाखाली. अंधार पाहिजे आणि ओल पाहिजे. बस."

"पलंगावर बाबा झोपतात."

"झोपू देत ना. अळंबीला काय अडचण आहे?"

अन्नपूर्णाबाईंना अळंबी हा शब्दच घरात नको होता. त्या खाली राहतात, आम्ही वर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागोमाग तंजावरला आले. तीनशे वर्षं झाली; त्यामुळे आम्ही, जे बाबांच्या रेल्वेतल्या बदलीनं इथे आलो, ते त्यांच्या मते परवा आलेले आणि मराठीत जरा कच्चे.

"ऊर्मी, हें सगळें कसाला?" त्या म्हणाल्या. कसाला म्हणजे कशाला. "पोळ्या कर. तुमच्या तिकडल्या मुलांस पोळी मिळत नाहीं इथें. तुझी आई काय पोळ्या करायची. मी डोळ्यांनी बघितलेल्या."

अन्नपूर्णाबाई आणि आई यांची ओळख झाली ती गोष्ट आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची. नव्या घरात पहिल्याच दुपारी आईनं खिडकीतून पाहिलं, तर घरमालकीण गच्चीवर केळीच्या पानावर भात ठेवून काकुळतीनं कावळ्याला बोलावते आहे. आईनं बाबांना उठवलं. दोघं पांढरे कपडे घालून खाली भेटायला गेली, चटईवर मान खाली घालून बसली, आणि बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "कोण गेलं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "कोण जाणार? तुम्ही आत्तांच आलांत की." आई ही गोष्ट सांगायची तेव्हा बाबा शेजारी बसून "पांढरे कपडे तुझी कल्पना" एवढंच म्हणायचे. आता ती गोष्ट कोणी सांगत नव्हतं.

तर पोळ्या. ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात यश नावाचा, मकरंदच्या ओळखीचा मुलगा होता. त्याच्या खोलीवर आणखी पाच-सहा मराठी मुलं. "ताई," तो फोनवर म्हणाला, "सकाळी भात, दुपारी भात, रात्री डोसा, तोही तांदळाचाच. पोळी दिसली तर मी नमस्कार करीन."

मी पोळ्या केल्या. आईच्या पोळीला पदर सुटायचे. माझ्या पोळीला सरहद्दी होत्या. एक तर हुबेहूब भारतासारखी झाली होती, खालचा श्रीलंकेचा थेंब नसता तरी ओळखू आली असती. मैलापूर ते ओरगडम हा प्रवास पोळीनं करू नये असा आहे, पण कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरला यशनं पटवलं होतं. डबा बोनेटवर बसून गेला. संध्याकाळी यशचा फोन आला. त्याच्या आवाजात सिद्धार्थसारखाच जपून बोलण्याचा सूर होता.

"ताई, चव छान आहे. फक्त एक विचारू? हे खाकरे आहेत ना?"

मी उरलेल्या पोळ्यांकडे पाहिलं.

"नाही, मुलांना आवडले. चहात बुडवून खाल्ले. बिजू तर म्हणाला, पुढच्या वेळी तिखट पाठवा."

बिजू त्यांच्याच खोलीवरचा, पण केरळचा होता. माझ्या पोळीची तारीफ करणारा तो एकटाच, आणि त्यानं आयुष्यात पोळी पाहिलेली नव्हती. उरलेल्यातली एक मी बाबांना वाढली. त्यांनी ती उलटून पाहिली, आईचं नाव काढून म्हणाले, "कमलिनी पीठ भिजवून..." आणि मग पाणी प्यायले. मी दुसऱ्या दिवशी यशला फोन करून ड्रायव्हरचे आभार मानायला सांगितलं आणि तो धंदा संपवला.

मग रामस्वामी कात्रण घेऊन आले: मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की टेपवर बोलतात. ते ऐकून आपण टाइप करायचं. घरातून. बसून. इंग्रजीत. हे माझ्यासाठीच निर्माण झालेलं काम होतं. कोडंबाक्कमच्या एका एजन्सीनं माझी चाचणी घेतली आणि म्हटलं, इंग्रजी उत्तम आहे, घरी ब्रॉडबँड घ्या, काम पाठवतो. महिनाअखेर जवळ आली होती.

ब्रॉडबँडसाठी टेलिफोनच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईंनी आमचा नंबर पाहिला.

"कमलिनी कोण?"

"माझी आई. फोन तिच्या नावावर आहे."

"त्यांची सही पाहिजे. येऊ शकतील?"

"नाही. ती वारली."

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, तमिळमध्ये दोन शब्द बोलल्या. मग चष्मा घातला. "मग आधी फोन दुसऱ्याच्या नावावर करावा लागेल, मा. वडिलांच्या नावावर करा. पुढच्या डिरेक्टरीत त्यांचं नाव येईल." त्यांचं काहीच चुकत नव्हतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं.

"नको," बाबा म्हणाले.

"बाबा, नंबर बदलणार नाही. नुसतं नाव."

"डिरेक्टरीत तिचं नाव आहे. असू दे."

मी एजन्सीला कळवलं की ब्रॉडबँडला थोडा वेळ लागेल. थोडा म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं. तोवर सरावासाठी म्हणून त्यांनी एक सीडी दिली. सोबत पायानं चालवायचं एक पेडल आणि कानाला लावायचा हेडफोन. हेडफोनचा डावा कान पहिल्या दिवशी गेला, उजवा दुसऱ्या दिवशी. मी स्पीकर लावला. ऑक्टोबरातली उकाड्याची सकाळ, खिडक्या सताड उघड्या, आणि आमच्या घरातून मैलापुरावर एक भारदस्त अमेरिकन आवाज पसरू लागला.

सीडीतले बहुतेक रोगी मी एकदोनदा ऐकून हातावेगळे केले. गुडघ्याची बाई झाली, पित्ताशयाचा पाद्री झाला. मग एक आला. डॉक्टर सांगत होता: सत्तरीचे गृहस्थ. पत्नी नुकतीच वारली. जेवण जवळजवळ बंद. दिवसभर एका खुर्चीत बसून असतात. वजन घटलेलं. छातीत जड वाटतं म्हणतात. यांना एकटं ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही; ताबडतोब दाखल करावं.

ऐकायला अवघड असं त्यात काही नव्हतं. तरी ते मी बरेचदा वाजवलं. पेडल दाबलं की तो मागे जाई आणि पुन्हा म्हणे, यांना एकटं ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही. बाबा त्या वेळी अंघोळीला गेले होते. मी टाइप काहीच करत नव्हते.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडंच होतं. सगळ्यांत पुढे रामस्वामी. मागे त्यांच्या आरामखुर्चीला धरलेले दोन रिक्षावाले. त्यांच्या मागे वाटीत विभूती घेतलेल्या, एकेक पायरी मोजून चढणाऱ्या अन्नपूर्णाबाई.

"घाबरू नकोस," रामस्वामी गरजले. "ऑटो खाली उभी आहे. मकरंदला पुण्याला फोन केला. सर कुठे आहेत?"

"बाथरूममध्ये."

"एकटे?" रामस्वामींनी रिक्षावाल्यांकडे बघितलं. रिक्षावाल्यांनी खुर्ची बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवली. मला काही सुचेपर्यंत दार उघडलं आणि पंचा नेसलेले, कानाला साबण राहिलेले बाबा बाहेर आले ते सरळ आरामखुर्चीवर आदळले.

"बोलू नका सर. दम लागेल. डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे."

"कोण डॉक्टर?"

"अमेरिकन." रामस्वामींनी खोलीभर नजर फिरवली. "आत आहेत?" त्यांनी आतली खोली पाहिली आणि, माणूस पद्धतशीर असल्यामुळे, पलंगाखालीही पाहिलं. तोवर अन्नपूर्णाबाईंनी बाबांच्या ओल्या कपाळाला विभूती फासली होती.

मी सीडी दाखवली. पेडल दाखवलं. दाबूनही दाखवलं. डॉक्टर पुन्हा बोलला. रिक्षावाल्यांनी मान डोलावली. त्यांना निदान पटलेलं दिसलं.

"हा कोणीतरी दुसरा आहे," बाबा म्हणाले. "तिकडचा. मला काहीही झालेलं नाही."

"सत्तर वर्षं," रामस्वामी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "पत्नी वारली. जेवत नाहीत. खुर्चीत बसून असतात. सर, दुसरा कोण?"

रिक्षावाले दाराबाहेर जाऊन उभे राहिले. बाबांनी पंच्यानं कपाळ पुसलं, विभूतीचा चिखल झाला. मग ते माझ्याकडे वळले.

"तू हे सगळं का करते आहेस? अळंबी काय, खाकरे काय. तुला चांगली नोकरी आहे."

"खाकरे नव्हते ते."

"ऊर्मी."

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून, की मी कावळ्याला शब्द दिला आहे, आणि शब्द दिला त्याच क्षणी तो शिवला. सांगताना माझा आवाज मॅन्युअल वाचून दाखवावं तसा येत होता.

बाबांनी कानाचा साबण पुसला. तेवढ्यात फोन वाजला. मकरंद होता, कोणतं हॉस्पिटल ते विचारत होता. बाबांनी रिसीव्हर घेतला, "मीच बोलतोय, जिवंत आहे, थांब जरा," असं म्हणाले आणि रिसीव्हर हातात तसाच धरून माझ्याशी बोलू लागले.

"मीही शब्द दिला होता. कमलिनीला म्हटलं, पोरीला माझ्यासाठी घरी अडकवणार नाही. तिला कामावर पाठवीन, काळजी करू नकोस. डोळे उघडले तर तो शिवलेला. मला वाटलं, तिला पटलं."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तू महिनाभर इतकी धावपळ करत होतीस. मला वाटलं, तुला करमत नसेल."

रिसीव्हरमधून मकरंदचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "एक मिनिट. तो तुमच्या दोघांच्या शब्दावर नाही आला. मी म्हणालो होतो सिगरेट सोडतो म्हणून. त्यावर आला तो."

"सोडलीस?" बाबांनी विचारलं.

"कमी केली आहे," मकरंद म्हणाला.

"अय्यो," अन्नपूर्णाबाई खुर्चीच्या हातावर टेकल्या. "तुम्ही तिघें काय बोलत्यात हें? तुम्ही डोळे मिटलांत, गुरुजी घड्याळ बघत होता. मी पदराखालून परप्पु आणि तूप नेलेलें, तें पिंडावर घातलें. चेन्नैचा काक्का तो. नुसता भात कोण खातो?"

रामस्वामींनी विचार केला. "तूप गाईचं होतं?"

"मग?"

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण महिनाभर मी असं धरून चालले होते की आईनं माझं ऐकलं. ते वरण-तूप होतं. मी संगणक बंद केला, पेडल टेबलाखाली सरकवलं, आणि वायर गुंडाळण्यात जेवढा वेळ घालवता येईल तेवढा घालवला.

मागे कसलासा आवाज आला. वळून पाहिलं तर बाबा हसत होते. पंच्यात, कपाळभर चिखल, हातात रिसीव्हर. "कमलिनीनं मला पांढरे कपडे घालून खाली नेलं होतं," ते रामस्वामींना सांगू लागले. "याच बाईंकडे. याच कावळ्यापायी." ती गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली, चटईसकट. पांढऱ्या कपड्यांपाशी आल्यावर थांबले, शेजारी बघितलं, आणि "कल्पना तिची" हे आपणच म्हणून पुढे गेले. मकरंद पुण्याहून एसटीडीवर सगळी ऐकत राहिला.

गोष्ट संपल्यावर अन्नपूर्णाबाई उठल्या आणि भाडं ठरवावं तशा स्वरात म्हणाल्या, "उद्यांपासून गच्चीवर काक्काला भात तुम्हीं घालायचा. माझे गुडघे आतां चढत नाहींत. आज चढलें तेंच शेवटचें."

"मी?" बाबा म्हणाले.

"दुसरें कोण घरांत आहे? भात तुमचा, परप्पु मी पाठवीन. आणि त्याला घातलें कीं लगेच आपण पानावर बसायचें. त्याला जेववून आपण उपाशी राहिलें तर दोष आहे. नियम हा."

असा नियम खरंच आहे का, हे मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही. शोधणारही नाही.

महिनाअखेरीला मी सिद्धार्थला येते म्हणून कळवलं. पहिल्या दिवशी दुपारी ऑफिसातून घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. मी ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. मला धूर दिसू लागला, पातेलं दिसू लागलं, खुर्ची दिसू लागली. पर्स उचलून मी दारापर्यंत गेले, परत आले, तिसऱ्यांदा लावला.

"काय गं," बाबा धापा टाकत म्हणाले. "वर होतो. सारखा काय फोन करतेस, तो बुजतो."

"आला?"

"आला की. आधी दुसराच एक आला होता, त्याला हाकललं."

"तुम्ही जेवलात?"

"ठेव फोन. पान वाढलंय."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा जिन्यात रामस्वामी नवं कात्रण घेऊन उभे होते, घरबसल्या मेणबत्त्या. मी म्हटलं, आमच्या घरातली जागा भरली. मग वर जाऊन, चपलासुद्धा न काढता, स्वयंपाकघरात गेले. कुकर घासून उपडा ठेवला होता. नीट घासलेला नव्हता. कडेला दोन शितं तशीच होती. मी ती काढली नाहीत.